गव्हाचं जहाज आणि दर खेपेला भिजणारा वरचा थर: पाणी नक्की कुठून येतं?

हॅच कव्हर, म्हणजे मालाच्या कप्प्यावरचं पोलादी झाकण, मागे सरकतं आणि होल्डमधून, म्हणजे त्या कप्प्यातून, उबट, आंबूस वास वर येतो. गव्हाच्या पृष्ठभागावर एक करडा-हिरवा पट्टा दिसतो. बुटाने दाबला तर दोन बोटं जाडीची पापडी कडकन मोडते, आणि तिच्याखालचा गहू अगदी कोरडा, मुठीतून सुळकन निसटणारा. चीफ ऑफिसर सांगतो, "घाम आलाय साहेब, आम्ही तर रोज व्हेंटिलेशन केलं." माल घेणारा म्हणतो, हॅच गळलंय. पाठवणारा सांगतो, माल खडखडीत कोरडा चढवला होता. तिघंही ठामपणे बोलतात, आणि तोवर एकानेही गहू हातात घेऊन पाहिलेला नसतो.

मी आधी जहाजावर होतो, नंतर मालाचा सर्व्हेयर, म्हणजे नुकसान तपासणारा, झालो. हे भांडण दोन्ही बाजूंनी ऐकलंय. तक्रार एकच, पण तिची कारणं निदान सहा आहेत आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. काही उपाय तर एकमेकांच्या उलट आहेत: एकात व्हेंटिलेटर उघडायचे, दुसऱ्यात ते हवाबंद ठेवायचे. त्यामुळे पाणी ओळखण्याआधी उपाय केला, तर पुढच्या खेपेला तोच पट्टा पुन्हा दिसतो.

फावडं लावण्याआधी नकाशा काढा

उतरवण्याचं काम सुरू झालं की पहिल्या दहा मिनिटांत पुरावा ग्रॅबमध्ये (माल उपसणाऱ्या क्रेनच्या पंजात) जातो. म्हणून आधी काम थांबवा, वरून फोटो घ्या आणि एका कागदावर होल्डचा चौकोन काढून त्यात ओल कुठे आहे ते रंगवा. फ्रेम नंबर (जहाजाच्या फासळ्यांचे क्रमांक) लिहा. हा कागद पुढे कुठल्याही अहवालापेक्षा जास्त बोलतो.

ओलीला आकार असतो. हॅचच्या दोन पाट्या जिथे एकमेकींना भिडतात, त्या आडव्या सांध्याच्या बरोबर खाली सरळ रेष दिसली, तर घामाची गोष्ट सोडून द्या. घाम सांध्याखालीच पडायचं ठरवून येत नाही. हॅचच्या कडेने, विशेषतः कोपऱ्यात, ओलीचे ठिपके असतील तर सांध्याचं रबर किंवा पाणी वाहून नेणारी पन्हळ पाहा. डेकच्या पोटाला असलेल्या पोलादी तुळयांच्या खाली सारख्या अंतरावर बारीक पट्टे असतील, आणि जहाजाच्या बाजूच्या पत्र्याला टेकलेला गहूही भिजलेला असेल, तर तो जहाजाचा घाम. छतावर बाष्प जमलं, तुळईच्या खालच्या कडेला थेंब धरले आणि ते एका रांगेत पडले. संपूर्ण पृष्ठभागावर एकसारखा पातळ चिकटपणा असेल, छत मात्र कोरडं असेल, तर घाम मालालाच आलाय. वर काही नाही आणि मध्येच आत हात घातल्यावर गरम लागतंय, तर पाणी बाहेरून आलेलंच नाही. आणि सगळं वरवर ठीक, पण शेवटचे दोन मीटर उतरवताना तळाशी चिखल, तर बिल्ज (तळाच्या विहिरींत साठणारं पाणी), बॅलास्ट लाइन (जहाज स्थिर ठेवायला घेतलेल्या समुद्राच्या पाण्याची नळी) किंवा खालची इंधन टाकी.

हे सगळं एकाच होल्डमध्ये एकत्रही असू शकतं. एकदा कारण सापडलं की माणूस शोध थांबवतो, आणि तिथेच चुकतो.

खारं की गोडं?

सर्व्हेयरच्या पिशवीत एक छोटी तपकिरी बाटली असते, सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाची. भिजलेल्या गव्हाचे मूठभर दाणे स्वच्छ भांड्यात घ्यायचे, त्यावर डिस्टिल्ड पाणी घालून हलवायचं, ते पाणी निथळून त्यात दोन-तीन थेंब टाकायचे. समुद्राचं पाणी असेल तर लगेच दुधासारखा पांढरा ढग उमटतो. समुद्रातल्या क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड तयार होतं, तेच ते पांढरं. पाणी जेमतेम धुरकट झालं, तर उत्तर घाईने देऊ नका: गव्हात स्वतःचं थोडं क्लोराइड असतं. म्हणून त्याच होल्डमधल्या कोरड्या गव्हाची तीच चाचणी शेजारी करायची आणि दोन भांडी एकमेकांशेजारी धरून पाहायची. तुलना नसेल तर ही चाचणी अर्धी आहे. (हातमोजे घाला. ते द्रावण बोटांना लागलं की काळे डाग पुढचे काही दिवस मिरवावे लागतात.)

या चाचणीचा एक सापळा आहे. भरण्याआधी होल्ड समुद्राच्या पाण्याने धुतला आणि शेवटी गोड्या पाण्याने नीट खळखळून काढला नाही, तर पत्र्यांवर, तुळयांवर मीठ सुकून राहतं. नंतर खराखुरा घाम आला तरी थेंब खाली पडताना ते मीठ बरोबर घेऊन येतात, आणि चाचणी "समुद्र" म्हणून सांगते. त्यामुळे पांढरा ढग दिसला की लगेच हॅच गळाल्याचा निकाल देऊ नका. आधी काढलेला नकाशा समोर ठेवा. ढग आणि रेष दोन्ही सांध्याकडे बोट दाखवत असतील, तरच बोला.

एका जहाजावर मी असाच प्रसंग पाहिला. अहवालात "जहाजाचा घाम" असं आधीच टाइप करून ठेवलं होतं, फक्त माझी सही हवी होती. पट्टा दुसऱ्या आणि तिसऱ्या पाटीच्या सांध्याखाली, पट्टीने आखल्यासारखा. चाचणी दुधाळ. पाटी उचलून सांध्याचं रबर पाहिलं, तर कोपऱ्यातला ठरावीक साच्याचा तुकडा गेलेला आणि त्या जागी सरळ पट्टीतून कापलेला तुकडा गोंदाने चिकटवलेला. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना नखाएवढी फट होती. बाहेरून ती दिसत नव्हती, कारण वरून सांध्यावर चिकटपट्टी मारली होती, आणि लाटांनी तिचा अर्धा भाग सोलून नेला होता.

हॅच: जिथे बहुतेक वेळा उत्तर असतं

चिकटपट्टी किंवा फोम म्हणजे दुरुस्ती नव्हे. चांगल्या हॅचवर ती जादा काळजी म्हणून चालते. खराब हॅचवर ती फक्त दोष झाकते, आणि फोम तर पन्हळीचं तोंडही बुजवतो.

हॅचची रचना लक्षात घेतली तर दोष शोधणं सोपं जातं. रबर पोलादी पट्टीवर दाबून बसतं, हा पहिला बंदोबस्त. त्यातूनही थोडं पाणी आत आलं तर ते आतल्या पन्हळीत पडतं आणि कोपऱ्यातल्या निचऱ्याच्या झडपेतून डेकवर परत जातं, हा दुसरा. त्या झडपेत एक चेंडू असतो: आतलं पाणी बाहेर जाऊ देतो, डेकवरची लाट उलटी आत येऊ देत नाही. मी तपासलेल्या हॅचमध्ये पन्हळीत मागच्या खेपेच्या मालाची भुकटी घट्ट बसलेली, झडपेत चेंडूच नाही, किंवा रंगाच्या थराखाली झडप पक्की चिकटलेली, असं कितीतरी वेळा दिसलंय. रबर नवं होतं, पण दुसरा बंदोबस्त मेलेला.

रबरावर बोट फिरवा. कायमचा खोल खड्डा पडला असेल तर त्याची दाबून परत उठण्याची ताकद संपलीय. पोलादी पट्टी गंजून दातेरी झाली असेल तर नवीन रबरही ती खाऊन टाकते. आणखी एक चूक फार मोठ्या मनाने केली जाते: रबर झिजलं म्हणून क्लिट (पाटी दाबून धरणारे आकडे) जास्त आवळायचे. पाटीचं वजन रबरावर नव्हे, बसण्याच्या ठोकळ्यांवर पडायला हवं. ते ठोकळे झिजले की पाटी खाली बसते, रबर चिरडलं जातं, आणि आवळल्याने ते आणखी लवकर मरतं.

चाचणी कुठली करावी? पाण्याच्या होजने मारा करण्याची चाचणी जुनी आहे, पण ती रिकाम्या होल्डवरच करता येते, गोठवणाऱ्या थंडीत करता येत नाही, आणि पाणी आत आलं तर ते कुठून आलं हे दर वेळी कळत नाही. मी अल्ट्रासॉनिकच्या बाजूचा आहे. होल्डमध्ये ध्वनी सोडणारं यंत्र ठेवतात, हॅच बंद करतात आणि बाहेरून सांध्यांवर ऐकतात. आधी हॅच उघडं असताना मिळणारं मूल्य मोजतात. बंद केल्यावर कुठेही त्याच्या 10 टक्के किंवा त्याहून जास्त ऐकू आलं, तर तिथे दाब कमी आहे. माल भरलेला असतानाही ही चाचणी करता येते. फायदा हा की निकाल "गळतंय" एवढाच येत नाही. स्टारबोर्डच्या (उजव्या बाजूच्या) मागच्या कोपऱ्यापासून किती अंतरावर फट आहे, हे खडूने खूण करून दाखवता येतं. दुरुस्ती तिथेच करायची.

घाम: दोन प्रकार, दोन उलट नियम

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून थोडं सावकाश.

जहाजाचा घाम तेव्हा येतो, जेव्हा गहू उबदार असतो आणि बाहेरचं हवामान थंड होत जातं. गव्हातून वर येणारी दमट हवा थंड पत्र्याला लागते आणि तिथे पाणी सुटतं. मालाचा घाम उलटा: गहू थंड असतो, जहाज उबदार, दमट हवेत शिरतं आणि आपण ती हवा होल्डमध्ये सोडतो. वातानुकूलित ब्रिजवरून (जहाज चालवण्याच्या खोलीतून) चष्मा घालून बाहेर उघड्या विंगवर पाऊल टाकलं की काचा पांढऱ्या होतात. तो चष्मा म्हणजे तुमचा गहू.

मी थर्ड ऑफिसर असताना हे स्वतःच्या हाताने केलंय. हिवाळ्यात थंड बंदरातून गहू भरला, जहाज विषुववृत्ताकडे निघालं. दहाव्या दिवशी लख्ख ऊन पडलं. वाटलं, आज हवा खेळती ठेवू, माल सुकेल. व्हेंटिलेटर उघडले, आणि लॉगमध्ये "हवामान उत्तम, व्हेंटिलेशन सुरू" असं मोठ्या अभिमानाने लिहिलं. त्या दिवशी बाहेर 28 अंश, ओल्या बल्बचं (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान 25, म्हणजे दवबिंदू, ज्या तापमानाला हवेतून पाणी सुटू लागतं तो, सुमारे 24. गहू 8 अंशांच्या आसपास. आत गेलेल्या प्रत्येक घनमीटर हवेने गव्हावर पाणीच टाकलं. उघडल्यावर संपूर्ण पृष्ठभाग चिकट होता, छत कोरडं ठणठणीत. लॉगमध्ये माझीच सही. सूर्य दिसला म्हणून हवा कोरडी असते असं नाही, हे तिथे शिकलो.

नियम दोन आहेत, कुठलाही एक पाळा पण सगळ्या सफरभर तोच पाळा. पहिला दवबिंदूचा: होल्डमधल्या हवेचा दवबिंदू बाहेरच्यापेक्षा जास्त असेल तर व्हेंटिलेशन करा, कमी असेल तर बंद. उदाहरण घ्या. बाहेर कोरडा बल्ब 20, ओला 17, दवबिंदू सुमारे 15. आत कोरडा 26, ओला 22, दवबिंदू सुमारे 20. पत्रा रात्री 17 अंशांवर उतरला, तर आतल्या हवेतून त्यावर पाणी सुटणारच. बाहेरची हवा आत घेतली तर ती त्याच पत्र्यावर कोरडीच राहील. म्हणजे उघडा. दुसरा नियम तीन अंशांचा: भरताना मोजलेल्या मालाच्या सरासरी तापमानापेक्षा बाहेरची हवा निदान 3 अंश थंड असेल तर व्हेंटिलेशन, नाहीतर बंद. गव्हासाठी मला दुसरा बरा वाटतो, कारण भरलेल्या होल्डमध्ये दवबिंदू मोजायला कुणाला आत पाठवायचं नसतं (का, ते पुढे आहे), आणि गहू उष्णतेचा फार वाईट वाहक असल्याने आतल्या मालाचं तापमान आठवडेच्या आठवडे जवळपास तेच राहतं. अट एकच: भरताना तापमान खरंच मोजलेलं हवं. प्रत्येक होल्डमध्ये, वेगवेगळ्या वेळी, गव्हात खोचलेल्या थर्मामीटरने. कागदपत्रांतून उतरवलेलं नाही.

आता जी सवय मला सगळ्यात जास्त खटकते, ती: संध्याकाळी व्हेंटिलेटर बंद करायचे आणि सकाळी उघडायचे. उबदार गहू थंडीकडे जाताना रात्रीच पत्रा सर्वांत थंड असतो, रात्रीच बाहेरची हवा तीन अंशांच्या नियमात बसते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी झाकणं बंद. का? तर खलाशी दिवसा कामाला असतात म्हणून. पाऊस किंवा डेकवर लाटा येत असतील तर बंद करणं बरोबरच, पण मग लॉगमध्ये तेच कारण लिहा. दर वॉचला (पाळीला) बाहेरचं कोरडं-ओलं तापमान, समुद्राचं तापमान, उघडे की बंद, आणि का. "नियमाप्रमाणे व्हेंटिलेशन केलं" या एका ओळीला दाव्याच्या वेळी कुणी विचारत नाही.

आणखी एक गैरसमज. व्हेंटिलेशनने गहू सुकत नाही. हवा गव्हाच्या वरून जाते, आत शिरत नाही. काही सेंटिमीटरखाली तिचा पत्ताच लागत नाही. ती फक्त छताला लागणारं पाणी टाळते. ओलसर भरलेला गहू कितीही पंखे लावले तरी वाटेत सुधारणार नाही.

गव्हाचं स्वतःचं पाणी

13 टक्क्यांच्या आसपास ओलावा असलेला गहू लांबच्या सफरीत सहसा त्रास देत नाही. 14 टक्क्यांच्या वर, आणि तोही उबदार असेल, तर दाण्यांमधल्या हवेची आर्द्रता 70 टक्क्यांकडे सरकते आणि बुरशीला हवं ते मिळतं. प्रमाणपत्रावरचा आकडा सरासरी असतो, ही इथली मेख. चार बार्ज (जहाजापर्यंत माल आणणारे पडाव) 12.5 टक्क्यांचे आणि एक 15.5 चा, तर सरासरी 13.1 येते आणि कागद छान दिसतो. पण तो पाचवा बार्ज होल्डमध्ये एकाच जागी ओतला जातो. तिथून उष्णतेचा डाग सुरू होतो. किडे असतील तर ते माल साधारण 42 अंशांपर्यंत तापवतात, त्यानंतर स्वतःच मरतात किंवा पळतात. ओलावा मिळालेली बुरशी पुढे 55 अंशांच्या आसपास नेऊ शकते. गरम भागातलं बाष्प वर सरकतं, थंड थरात थांबतं, आणि पृष्ठभागावर पापडी धरते. वरून पाहणाऱ्याला तो घामच वाटतो. फरक ओळखायला एकच साधन: लांब दांड्याचं थर्मामीटर, पापडीखाली एक-दोन मीटर. तिथे शेजारच्या गव्हापेक्षा दहा अंश जास्त निघाले तर व्हेंटिलेशनचा लॉग तपासत बसू नका, भरतीचे नमुने मागवा.

म्हणून भरताना दर हॅचचे, दर काही शे टनांनी नमुने घ्या आणि वेगळे ठेवा. पाऊस आला की हॅच बंद, वेळ लिहा, पुन्हा उघडण्याची वेळ लिहा. "हलकी सर होती, चालू ठेवलं" याची किंमत कुणीतरी दुसराच देतो.

धुरी दिली असेल तर

गव्हाच्या बहुतेक जहाजांवर अॅल्युमिनियम फॉस्फाइडची धुरी देतात. ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू सुटतो आणि किड्यांना मारतो. धुरीचा ठरलेला काळ संपेपर्यंत होल्ड बंद ठेवावाच लागतो. उबदार गहू थंडीकडे जात असेल तर त्या दिवसांत जहाजाचा घाम टाळण्याचा मार्गच बंद होतो. हा पेच भरतीआधीच धुरी देणाऱ्याबरोबर बसून सोडवायचा: धुरी किती दिवस, त्यानंतर व्हेंटिलेशन कुठल्या तारखेपासून, आणि तोवर जहाज कुठल्या पाण्यात असेल.

ओल आणि धुरी यांचा आणखी एक संबंध आहे, आणि तो मालापुरता मर्यादित नाही. गोळ्या किंवा पुड्या एका जागी ढिगाने टाकल्या आणि त्यावर हॅचमधून पाणी पडलं, तर वायू एकदम सुटतो. हवेत फॉस्फीनचं प्रमाण सुमारे 1.8 टक्क्यांवर गेलं की ते पेट घेऊ शकतं, स्फोटही होतात. म्हणजे गळका सांधा इथे फक्त गहू खराब करत नाही.

आत उतरण्याबद्दल मी वाद घालत नाही. फॉस्फीन राहण्याच्या खोल्यांत, इंजिन रूममध्ये पाइपांच्या फटींतून पोचतं. लसणासारखा किंवा माशासारखा वास येतो असं सांगतात, पण वासावर भरवसा ठेवू नका, नाक थकतं. धुरी चालू असताना मोजणी किमान दर 8 तासांनी, आणि जहाजावर किमान दोन जण त्यासाठी प्रशिक्षित, अशी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची शिफारस आहे. धुरी दिलेली नसली तरी बंद होल्डमधला गहू आणि त्यावरची बुरशी प्राणवायू खात असतात. ओली पापडी जवळून बघायला शिडीवरून उतरलेला माणूस खाली पोचेपर्यंत गुडघ्यात मोडतो, आणि त्याला वाचवायला धावलेला दुसरा त्याच्यावर पडतो. आधी मोजा, हवा बदला, पुन्हा मोजा, मगच उतरा. नमुना दहा मिनिटं उशिरा मिळाला तर काही बिघडत नाही.

तळाशी चिखल

हे झटकन सांगतो, कारण कारणं कमी आणि तपासणी सोपी. बिल्जच्या विहिरीचं उलट येणारं पाणी अडवणारं व्हाल्व्ह कचऱ्याने उघडं राहिलं, की इंजिन रूममधून चुकून होल्डमध्येच पाणी जातं. भरण्याआधी विहिरीत पाणी ओतून बघा: उपसताना जातं का, आणि थांबवल्यावर परत येतं का. विहिरीच्या झाकणावर गोणपाट बांधा, पण इतका जाड नको की पाणीच आत जाणार नाही. ज्या होल्डमध्ये वादळात बॅलास्ट भरता येतो, त्याच्या लाइनला आंधळी फ्लँज (नळीचं तोंड बंद करणारी बिनभोकाची चकती) लावली का, हे स्वतः खाली उतरून बघा, यादीवरच्या टिकेवर जाऊ नका. रिकामा होल्ड पाहताना ते करता येतं, नंतर येत नाही.

तळाचा गहू ओला नसून तपकिरी, भाजल्यासारखा असेल, तर खाली गरम केलेल्या इंधनाची टाकी आहे. चीफ इंजिनिअरला भरतीच्या आधीच सांगा: मालाखालच्या टाक्या शक्यतो वापरून संपवा, नाहीतर इंधन पंपाने हलेल इतपतच तापवा आणि रोजचं तापमान लिहून ठेवा.

सापडल्यावर

ओला गहू कोरड्यात मिसळू देऊ नका. ग्रॅब चालवणाऱ्याला वाटतं, थोडा थोडा मिसळला तर कळणार नाही. कळतं, आणि मग पाच टनांचा दावा पाचशे टनांचा होतो. पापडी हाताने, फावड्याने बाजूला काढून वेगळी ठेवा, वजन करा. नमुने घेताना भिजलेला, त्याच्या कडेचा आणि पूर्ण कोरडा असे तीन वेगवेगळे घ्या, सगळ्यांच्या समोर सील करा. ओला नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवस गरम खोलीत ठेवला तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत त्याची बुरशी दुप्पट झालेली असते, म्हणून तो थंड जागी ठेवा आणि लवकर पाठवा.

गहू पुढच्या बंदरात उतरायचा असेल आणि इथे खराब भाग काढल्याने होल्ड अर्धवट रिकामा झाला असेल, तर स्थिरतेचं गणित नव्याने करा. भरतीच्या वेळी ते पूर्ण भरलेल्या होल्डसाठी केलेलं होतं. 1 जानेवारी 1994 पासून लागू असलेली आंतरराष्ट्रीय धान्य संहिता पूर्ण भरलेल्या होल्डमध्ये धान्य 15 अंशांनी सरकेल असं धरते, अर्धवट भरलेल्यात 25 अंशांनी. त्या सरकण्याने जहाज 12 अंशांहून जास्त कलता कामा नये, आणि मेटासेंट्रिक उंची (कललेलं जहाज परत सरळ होण्याच्या क्षमतेचं माप) किमान 0.30 मीटर हवी. आदल्या बंदरात कागद बरोबर होता, यावर पुढच्या बंदरापर्यंत जाता येत नाही. वरचा भाग सपाट करा, मग हॅच बंद करा. ते बंद करण्याआधी आडव्या सांध्याच्या रबरावरून एकदा बोट फिरवा आणि पन्हळीत काय साठलंय ते बघा, कारण त्या सांध्याखाली आता कोरडा गहू आहे.